लाल चांदणीचा रकाना

"मंदाताई, आज सकाळी सात वाजून चौदा मिनिटांनी मयुरीची फाइल तुम्ही उघडली होती?"

मंदाताई दारात चप्पल काढत होत्या. म्हणाल्या, "सात वाजता? अगं बाई, सात वाजता मी भाकरी थापत असते. पिठाच्या हातानं फाइल उघडू का काय?"

मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. सात बारा, मंदाकिनी लोहार, पासवर्ड बदलला. सात चौदा, मंदाकिनी लोहार, फाइल उघडली. सात पंधरा, मंदाकिनी लोहार, फाइल उतरवून घेतली. आणि आता दहाला पाच कमी होते. या सगळ्याची सूचना मला मेलवर सकाळीच आली होती. मी मात्र मेल केंद्रावर आल्यावर, चहा घेत, निवांत बघायची.

"तुमच्या नावानं कुणीतरी आत शिरलंय," मी म्हणाले. 

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पुण्याच्या एका कंपनीत चार वर्षं हेच काम केलं होतं, लोकांची गुपितं कॉम्प्युटरवर सांभाळायचं. बाबांच्या आजारपणामुळे विट्याला परत यावं लागलं. तिथे आम्हाला शाळेत गणित शिकवणाऱ्या यादव बाई भेटल्या. त्या निवृत्तीनंतर संसारात गांजलेल्या बायकांसाठी एक समुपदेशन केंद्र चालवत होत्या. बायका यायच्या, बोलायच्या, बाई आणि मंदाताई त्यांचे जबाब लिहून घ्यायच्या. ते सगळे जबाब एका पत्र्याच्या कपाटात असायचे. त्या कपाटाचं कुलूप हेअरपिननं उघडायचं, हे मी पहिल्याच दिवशी बाईंना उघडून दाखवलं.

"एवढंच शिकून आलीस का पुण्याहून?" बाई म्हणाल्या. पण आठ दिवसांनी त्यांनीच मला बोलावून सांगितलं, "कर तुझ्या पद्धतीनं. फक्त मला समजेल असं कर."

मी केलं, आणि अगदी मन लावून केलं. सगळे जबाब क्लाउडवर नेले. क्लाउड म्हणजे काय ते बाईंना सांगताना मी म्हटलं, दुसऱ्याच्या मोठ्या पक्क्या गोदामात आपण एक खोली घेतलीय, कुलूप आपलं. बाईंनी विचारलं, किल्ली कुणाकडे? मी म्हटलं, ज्याची जेवढी गरज त्याच्याकडे तेवढीच. मंदाताईंना त्यांच्याकडे आलेल्या बायकांच्या फाइली दिसतील, दुसरीच्या नाहीत. कुणाला आत सोडायचं ते सांगितलं नसेल तर दार बंदच राहील. कोण कधी आलं, काय उघडलं, याची नोंद आपोआप होईल. आणि मी सगळी कुलपं बसवणार, पण मला स्वतःला एकही जबाब वाचता येणार नाही. हे शेवटचं मी फार ऐटीत सांगितलं होतं.

"तुलापण नाही?" बाई म्हणाल्या.

"मला कशाला? माझं काम कुलपांचं."

"हे मात्र आवडलं मला," बाई म्हणाल्या. वर्गात त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं.

भांडण झालं ते एका रकान्यावरून. प्रत्येक फाइलीत मी 'सध्याचा पत्ता' असा रकाना ठेवला होता आणि त्याच्यापुढे लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय फाइल पुढे जातच नाही. बाईंची रीत उलटी. एखादीला लपवायची वेळ आली की ती कुठे आहे हे बाईंना आणि तिला पोचवून आलेल्या माणसाला, एवढ्या दोघांनाच माहीत. मंदाताईंनासुद्धा नाही. त्या कधी विचारायच्याही नाहीत.

"रिकामा रकाना चालत नाही, बाई."

"का चालत नाही?"

"उद्या तुम्हाला काही झालं तर? त्या बायकांना शोधायचं कुणी?"

बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "त्याची सोय केलीय मी."

"काय सोय?"

"ती तुला सांगितली तर ती सोय राहील का?"

मी चिडले. म्हटलं, असं डोक्यात ठेवून संस्था चालत नाहीत, शिस्त पाहिजे, पद्धत पाहिजे. बरंच काही बोलले. पुण्याच्या कंपनीचं नावही दोनदा घेतलं असेल. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं बाई, भरते तुझा रकाना. तू नको तोंड पाडूस." दुसऱ्या दिवशी सगळ्या लाल चांदण्यांपुढे पत्ते भरलेले होते. काय भरलं ते मला दिसत नव्हतं, भरलंय एवढं दिसत होतं. मला वाटलं, जिंकले.

त्यात मंदाताईंकडची एक फाइल मयुरीची होती. मयुरी बावीस वर्षांची, तीन वर्षांच्या मुलाची आई. सासर आटपाडीकडचं. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांसारखं तेही गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करून द्यायच्या धंद्यातलं. नवरा कोइमतूरला, चुलता कानपूरला, मावसभाऊ कटकला, आत्याचा जावई विजयवाड्याला. भारतात असं मोठं गाव नाही जिथे आमच्याकडचा एखादा गलाईवाला बसलेला नाही. एरवी याचा आम्हाला केवढा अभिमान. परक्या शहरात रात्री-अपरात्री उतरलं तरी आपला माणूस स्टेशनवर घ्यायला येतो. पण मयुरीला लपायला त्यामुळेच जागा उरली नव्हती. दोनदा ती पळाली आणि दोनदा सापडली. दुसऱ्यांदा परत नेल्यावर तिचा डावा हात दोन ठिकाणी मोडला. केंद्रावर आली तेव्हा प्लास्टरमधल्या हातावर पोराला झोपवून ती बसली होती. बाईंना एवढंच म्हणाली, "तिसऱ्यांदा सापडले तर मी राहत नाही, बाई."

आणि आता तिची फाइल कुणीतरी उतरवून घेतली होती.

मी मंदाताईंचं खातं आधी बंद केलं. मग म्हटलं, "तुमचा फोन दाखवा. पासवर्ड बदलायला सहा आकडे येतात फोनवर. ते आल्याशिवाय कुणाला आत जाताच येत नाही. सकाळी कुणी मागितले होते का आकडे? मी शिकवलं होतं ना, देवानं मागितले तरी द्यायचे नाहीत?"

"मी कुणाला न्हाई दिले," मंदाताई म्हणाल्या. "माझ्याकडं आलेच न्हाईत."

"फोन दाखवा."

"फोन ह्यांच्याकडं असतो."

"कुणाकडे?"

"ह्यांच्याकडं. दिनकररावांकडं. तो नंबर त्यांचाच हाय की."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नंबर मी केंद्राच्या रजिस्टरमधून घेतले होते. नावापुढे मोबाईल नंबर लिहिलेला, मी तो उचलून टाकला. दहा वर्षं समुपदेशन करणारी बाई, आणि तिच्या नावापुढचा नंबर तिच्या नवऱ्याचा.

आणि मग मी जे बोलले ते आज लिहितानाही मला लाज वाटते. "मंदाताई, पन्नाशीला आलात. स्वतःचा म्हणून एक फोन नंबर नाही तुमचा? आणि दुसऱ्यांच्या लेकीसुनांना काय शिकवता इथं बसून? नवऱ्याच्या खिशात राहायचं?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलंही नाही. मला तेवढंही बघायला वेळ नव्हता. मी दिनकररावांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"व्हय, आला हुता की फोन," ते म्हणाले. माणूस मोठा साधा. बसस्टँडजवळ त्यांचं वेल्डिंगचं दुकान. मागे मशीनचा आवाज येत होता. "सकाळी सातलाच आला. केंद्रातनं बोलतोय म्हणाला. मंदाताईंचं कॉम्प्युटरचं काम चाललंय, आकडे आल्यात ते सांगा. मी सांगितलं."

"अहो दिनकरराव, असे आकडे सांगतात का कुणाला?"

पलीकडे मशीन बंद झालं. "का? काय झालं?"

"कुणालाही सांगायचे नसतात ते!"

"पर ताई," ते गोंधळून म्हणाले, "त्या दिवशी तुमीच मागितले हुते की. मंदानं केंद्रातनं फोन केला, तुमी शेजारी हुता, तुमी म्हणला आकडे वाचा, मी वाचले. लई उपकार झाले म्हणालात. तसंच आजबी मागितलं, म्हणून…"

मला पुढचं ऐकूच आलं नाही. तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला. खातं चालू करायचं होतं, फोन मंदाताईंजवळ नव्हता, मी म्हटलं घरी विचारा, आणि मीच ओरडून सांगितलं, हळू वाचा दिनकरराव. मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. केंद्रातल्या सगळ्या बायकांना समोर बसवून मी दोन दिवस धडे दिले, पण फोन ज्यांच्या खिशात होते त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. त्यांतल्या एकाला तर मी उलटाच धडा दिला होता. केंद्रातून मागितलं की द्यायचं.

मी फोन ठेवला. मंदाताईंकडे बघायची हिंमत होत नव्हती. बाईंना फोन लावला. तो गुरुवार होता, आणि गुरुवारी बाई उशिरा यायच्या.

"बाई, घात झाला. मयुरीची फाइल चोरीला गेलीय. पत्त्यासकट. सकाळी सव्वासातलाच. तिला ताबडतोब हलवायला पाहिजे."

 बाई म्हणाल्या, "मयुरीचीच? नक्की?"

"नक्की."

"बरं. मंदाला घेऊन इकडे घरी ये. आणि येताना एक लिटर दूध आण."

"बाई, तुम्ही ऐकलंत का मी काय म्हणाले? तिचा पत्ता…"

"ऐकलं. म्हशीचं आण, चहाला पातळ लागतं गाईचं."

मला वाटलं, बाईंचं वय झालं. खरंच तसं वाटलं. मंदाताई माझ्या स्कूटीवर मागे बसल्या, दुधाची पिशवी मांडीवर घेऊन.  माझ्या डोक्यात फक्त प्लास्टरमधला हात आणि त्यावर झोपलेलं पोर होतं. सव्वासात ते साडेदहा. एवढ्या वेळात फोन कुठपर्यंत पोचला असेल? कटकला? कानपूरला? कुणीतरी 'आपला माणूस' आत्ता तिच्या दारात उभा असेल.

बाईंचं घर गुरुकृपा कॉलनीत, प्लॉट नंबर चौदा. बाई व्हरांड्यात खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. आत स्वयंपाकघराच्या दाराशी पोलीस ठाण्याच्या तांबोळी मॅडम बसल्या होत्या, गणवेशात, आणि बरोबर एक शिपाई. मी दूध खाली ठेवलं आणि रडायलाच लागले.

"बाई, माझी चूक आहे. सगळी माझीच. मी तुम्हाला रकाना भरायला लावला, मी नंबर तपासले नाहीत, आणि मंदाताईंना नाही नाही ते बोलले. पण आधी मयुरीला हलवा हो. कुणाला तरी पाठवा."

"कुठून हलवू?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे? फाइलीत लिहिलंय तिथून!"

बाईंनी मेथीची काडी मोडली. "फाइलीत काय लिहिलंय ते बघ की. मंदा, तुला दिसतं ना ते? का तुझं खातं बंद केलं हिनं?"

बाईंनी स्वतःचाच टॅब माझ्या हातात दिला. त्यावर मयुरीची फाइल उघडी होती. मी पहिल्यांदाच आतून बघत होते ती. लाल चांदणीपुढे लिहिलं होतं: प्लॉट नंबर चौदा, गुरुकृपा कॉलनी, विटा.

मी वर बघितलं. फाटकाच्या खांबावर रंगानं चौदा लिहिलेलं होतं.

"हा तर…"

"माझा. प्रत्येक फाइलीत तोच आहे," बाई म्हणाल्या. "तू म्हणालीस रिकामा चालत नाही. रिकामा नाही ठेवला. त्या पोरींना कुणाला शोधायचं असेल तर त्यानं आधी माझ्या दारात यावं, एवढीच माझी अक्कल. मयुरी तिच्या जागी आहे, पोरगं बालवाडीत जातंय. आत्ताच बोलले मी तिच्याशी."

मी तिथेच पायरीवर बसले. सुटल्यासारखं वाटलं आणि पाठोपाठ असा राग आला की विचारू नका. "मग मला सांगायचं होतंत ना! एवढी मी…"

"तुला कशाला?" बाई म्हणाल्या. "तुझं काम कुलपांचं."

तांबोळी मॅडम आतून हसल्या. मंदाताई उठून गेल्या आणि दूध तापवायला ठेवलं.

बारा वाजायला आले तेव्हा पांढरी गाडी फाटकाशी थांबली. बाईंनी आम्हाला सगळ्यांना आत घालवलं. मी खिडकीच्या पडद्याआड उभी होते. आधी मयुरीचे सासरे हणमंतशेठ उतरले, डोक्यावर टोपी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मागून आणखी दोघं. ड्रायव्हरच्या जागेवरून उतरला तो मयुरीचा दीर, धीरज. तो सांगलीला कॉम्प्युटर शिकत होता, हे मला नंतर कळलं.

"या शेठ," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "ऊन फार आहे, सावलीत या."

"बसायला न्हाई आलो. आमची सून आन् नातू बाहेर काढा. ती हितंच हाय, आमाला पक्कं ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगंना."

"नाही, मला तेच महत्त्वाचं आहे. मयुरी प्लॉट नंबर चौदामध्ये राहते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गावात सगळ्यास्नी म्हाईत हाय."

"गावात कुणालाच माहीत नाही," बाई म्हणाल्या. वर्गात फळ्यावरचं उदाहरण सोडवताना त्यांचा आवाज असायचा, तसाच होता. "कारण ती इथं राहत नाही. एक रात्रसुद्धा राहिलेली नाही. शेजाऱ्यांना विचारा. तिच्या नावापुढे हा पत्ता जगात एकाच जागी लिहिलाय, आमच्या कुलपातल्या फाइलीत. ती फाइल आज सकाळी सव्वासातला चोरीला गेली. आता तुम्हीच सांगा, हा पत्ता घेऊन माझ्या दारात कोण येऊ शकतं?"

हणमंतशेठना पटकन उमगलं नाही. धीरजला उमगलं. त्याचा चेहरा उतरला. वडिलांचा दंड धरून तो हळूच म्हणाला, "आप्पा, चला."

"का? चला का? आता तर…"

"आप्पा, चला म्हणतोय ना!"

"बसा की, घाई काय," तांबोळी मॅडम कप हातात घेऊनच बाहेर आल्या. "चहा घेऊन जा. धीरज तूच का? मोबाईल बघू जरा तुझा."

हणमंतशेठ खाली बसले. खुर्ची जवळ होती तरी पायरीवरच बसले. मगाचा ताठा गेला होता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, चार म्हयनं झालं, नातवाचं तोंड बघितलं न्हाई. त्यो मला 'अप्पू' म्हणतो." आणि तो एवढा मोठा माणूस रडायला लागला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, वाईट वाटलं. तेही आज सांगून टाकते.

"नातवासाठी कोर्टात अर्ज करा," बाई म्हणाल्या. "तिथे मी स्वतः येईन. पण आधी तुमच्या लेकानं तिचा हात मोडला तेव्हा तुम्ही कुठे होता, हे तिथे सांगावं लागेल."

 मंदाताईंनी चहा आणून त्यांच्यापुढे ठेवला. सगळ्यांना दिला, धीरजलाही. त्याच्या हातात कप देताना फक्त एवढं म्हणाल्या, "माझ्या मालकांस्नी फसवलंस की रं बाबा. त्यांनी विश्वासानं सांगितलं."

पुढचं पोलिसांचं आणि कोर्टाचं. ते बरेच दिवस चाललं. हणमंतशेठनी खरंच अर्ज केला. आता ते महिन्यातून एकदा, कोर्टाच्या आवारातल्या खोलीत, नातवाला भेटतात. तिथे मयुरी कुठून येते आणि कुठे जाते, ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनी केलेली सोय खरंच होती आणि ती चालली. काय होती ते मी विचारलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी संध्याकाळचं.

केंद्रावर परत येऊन मी एकेक खातं तपासायला घेतलं. सात बायकांची खाती. दोघींचे नंबर नवऱ्याचे, एकीचा मुलाचा, एकीचा दिराचा. मी यादी करत होते आणि मनात म्हणत होते, धन्य आहे बाई या लोकांची. मग शेवटचं खातं आलं. सगळ्यात वरचं, सगळ्या कुलपांचं, जे गेलं तर बाकीची कुलपं असून नसल्यासारखीच. माझं.

नंबराचे शेवटचे चार आकडे दिसत होते. सात, सात, शून्य, तीन.

तो माझा नंबर नव्हता. बाबांचा होता. दहावीच्या फॉर्मपासून, कॉलेजच्या, वसतिगृहाच्या, बँकेच्या, प्रत्येक फॉर्मवर मी तोच लिहीत आले होते. पुण्यात चार वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा हातानं सवयीनं तोच लिहिला. खातं चालू केलं तेही घरीच, बाबांचा फोन शेजारी ठेवून; मला आठवतसुद्धा नव्हतं. बाबा आजारी. त्यांचा फोन दिवसभर बाहेरच्या खोलीत टेबलावर, येणारा जाणारा कुणीही उचलायचा. केंद्रातून बोलतोय म्हटलं असतं तर बाबांनीही आकडे वाचून दाखवले असते, चष्मा शोधून, हळूहळू, एकही न चुकता.

 सकाळी मंदाताईंना म्हटलेला एकेक शब्द आठवत होता.

मग उठले आणि त्यांच्या घरी गेले. दिनकरराव बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. मला बघून उभे राहिले, काही बोलायला गेले आणि पुन्हा बसले. मंदाताई आत लसूण सोलत होत्या. मी समोर फरशीवर बसले आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

"हा नंबर बघा."

"कुणाचा?"

"बाबांचा. माझ्या खात्याला. सगळ्यात मोठ्या खात्याला."

मंदाताईंनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता त्या सुनावतील, आणि मी ऐकून घेणार होते.  पण त्यांच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "तूबी खिशातच हुतीस की."

"माफ करा मला. सकाळी मी फार लागेल असं बोलले."

"लागलं खरं," त्या म्हणाल्या. "लई लागलं. पर खोटं न्हवतं." लसणाची सालं त्यांनी गोळा करून बाजूला ठेवली आणि हात धुतले. "दुकान उघडं असतंय का गं आता? मोबाईलच्या कार्डाचं?"

आम्ही दोघी निघालो तेव्हा दिनकरराव कट्ट्यावरून म्हणाले, "माझं आधार न्यायला लागंल का?" मंदाताई म्हणाल्या, "न्हाई. माझं हाय."

दुकानातल्या माणसानं मंदाताईंचं आधार कार्ड घेतलं आणि अंगठा त्या छोट्या यंत्रावर ठेवायला सांगितला. यंत्रानं घेतला नाही. पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. "काम करून ठसे झिजल्यात, काकू," तो म्हणाला. "दादांच्या नावावर घ्या की. ते पटकन होईल."

मंदाताईंनी अंगठा पदराला घासून पुसला. दुसऱ्या हातानं दाबून धरला. तिसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर त्यांचं पूर्ण नाव आलं. मंदाकिनी दिनकर लोहार. त्या ते नाव नीट वाचत उभ्या राहिल्या.

"आणखी एक पर्यायी नंबर लागतो," दुकानदार म्हणाला. "मिस्टरांचाच टाकतो."

"न्हाई," मंदाताई म्हणाल्या. "हिचा टाक."

"सांगा ताई नंबर."

 माझ्याकडेही सांगायला माझ्या नावावरचा नंबर नव्हता. वापरत होते तेही कार्ड बाबांच्या नावावरचं.

"तिला अजून न्हाई," मंदाताईंनी स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसल्या. "आत्ता मिळतोय बघ. तिचाबी अंगठा घे. आमी थांबतो."